ज्यांच्या नावाचा तलाव आपल्या शहरात आहे, ते सलीम अली

दिल्ली दरवाज्याजवळ, हिमायत बागेसमोर जो मोठा तलाव आहे, त्याला मोगलांच्या काळात खिजरी तलाव म्हणत. आता तो सलीम अली सरोवर. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, रिक्षावाल्याला नुसतं सलीम अली म्हटलं तरी तो बरोबर तिथे आणून सोडतो. पण हे सलीम अली कोण, असं वर्गात विचारलं की आम्हाला दरवर्षी नवी उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं बादशहा होते, कुणी म्हणतं एखादे बुजुर्ग असतील. एकाने तर जुने नगरसेवक म्हणून सांगितलं! मुलांना हसून उपयोग नाही. घरात कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा आज त्यांची हकीकत सांगतो, अम्मी-अब्बांनी वाचावी आणि मुलांना सांगावी.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. घराणं सुलेमानी बोहरा. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे होते तेव्हा आई. या यतीम पोराला मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात वाढवलं. मामू-मामींना स्वतःचं मूल नव्हतं. तय्यबजी घराणं म्हणजे काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांचं घराणं. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाल्यावर ज्यांच्याकडे नेतृत्व आलं, ते अब्बास तय्यबजीही याच नात्यातले.

मामू शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छर्ऱ्याची बंदूक दिली होती. साधारण दहा वर्षांच्या सलीमने एक दिवस एक चिमणी पाडली. खायची म्हणून हलाल करायला हातात घेतली, तर गळ्यावर हळद सांडल्यासारखा पिवळा डाग. ही तर रोजची चिमणी नाही. मग ही खावी की नको? पोरगा चिमणी घेऊन मामूंकडे गेला. मामूंनाही सांगता येईना. पण त्यांनी त्याला हाकललं नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला सोसायटीचे सेक्रेटरी मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. तो काळ 1906 च्या आसपासचा. गोऱ्या साहेबाच्या समोर एकट्याने उभं राहायचं म्हणजे पोराची काय हालत झाली असेल! पण मिलार्ड साहेबांनी चिमणी ओळखली, ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असं सांगितलं, आणि कपाटाचे खण एकेक उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. पुढे वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याचं कातडं काढून जतन कसं करायचं तेही शिकवायची सोय केली.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून आम्हाला या गोष्टीत चिमणीपेक्षा मामूंची ती चिठ्ठी मोठी वाटते. प्रश्न साधा होता, घरातला होता, हलाल-हरामचा होता. आपल्याला उत्तर येत नाही म्हटल्यावर त्यांनी तो प्रश्न ज्याला येतं त्याच्याकडे पाठवला. पुढची ऐंशी वर्षं त्या चिठ्ठीतून निघाली.

शाळेत मात्र हा मुलगा काही चमकला नाही. डोकेदुखीचा त्रास होता, शिक्षण मध्येच थांबलं, हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावं लागलं. 1913 साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पास. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, तेही सुटलं. मग ब्रह्मदेशात तवॉय इथे घरच्यांचा वुल्फ्रॅम खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता, तिकडे रवानगी झाली. धंद्यात किती लक्ष होतं कोण जाणे, आजूबाजूच्या जंगलात मात्र पुष्कळ होतं. 1917 मध्ये परत आल्यावर दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला लागले. तिथे असतानाच झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसवलं. म्हणजे एकीकडे जमाखर्च आणि दुसरीकडे प्राणिशास्त्र, असा दोन्हीकडचा अभ्यास. 1918 च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी निकाह झाला.

इथून खरी अडचण सुरू होते. भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली. सलीम अलींनी अर्ज केला. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून जागा मिळाली नाही. आमच्याकडे येणारे पालक असे दाखले देऊन म्हणतात, पाहा सर, डिग्रीला काही अर्थ नाही. तसं नाही. ती जागा गेली ती गेलीच, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांना पोटासाठी धडपड करावी लागली.

1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविज्ञानाचा नवा विभाग उघडला. तिथे त्यांना गाइड लेक्चरर म्हणून नेमलं, पगार महिना 350 रुपये. गाइड लेक्चरर म्हणजे आलेल्या लोकांना आणि शाळेच्या मुलांना फिरवून, दाखवत दाखवत शिकवणारा मास्तर. आज सकाळी सकाळी दुर्बिणी गळ्यात घालून जे ग्रुप तळ्याकाठी फिरतात आणि पुढे एक जाणकार चालत असतो, तेच काम, फक्त भिंतींच्या आत. दोन वर्षांत त्यांना आपली कमतरता जाणवली. 1928 मध्ये रजा काढून ते बर्लिनला गेले, तिथल्या प्राणिशास्त्र संग्रहालयात (म्युझियममध्ये) एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली वयाच्या बत्तिशीत पुन्हा विद्यार्थी झाले. स्ट्रेसमान यांना ते जन्मभर आपले उस्ताद मानत आले. 1930 मध्ये परतले तर म्युझियमने पैशांअभावी ती जागाच बंद केलेली. हातात बर्लिनची विद्या आणि नोकरी नाही.

मियाँ-बीवी मुंबई सोडून अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. खर्च कमी, समोर समुद्र, आणि जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत. उर्दूत ज्याला बया म्हणतात तोच हा पक्षी. दुसरा एखादा बेकार माणूस अर्ज लिहीत बसला असता. हे शिडीवर मचाण बांधून रोज तासन् तास घरटी बघत बसले. त्यांना जे दिसलं ते आधी कुणी नीट लिहिलेलं नव्हतं. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं तर ती तिथे राहते, नर ते पुरं करतो, ती अंडी घालते, आणि साहेब लगेच शेजारी दुसरं घरटं सुरू करतात, दुसऱ्या मादीसाठी. बहिणाबाईंची खोप्याची कविता मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला आठवते, त्यात सगळं श्रेय सुगरणीला आहे. कविता गोडच आहे. पण विणकर नर आहे, हे मुलांना सांगितलं की मुलींचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता आपल्या भागाचा संबंध. नोकरी नव्हती तेव्हा सलीम अलींनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला: तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी करतो, पगार नको, फक्त तंबू, प्रवास आणि खाण्यापिण्याचा खर्च द्या. त्यांची पहिली मोठी पाहणी झाली ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात, 1931-32 मध्ये. त्या संस्थानात तेव्हा आपला औरंगाबाद जिल्हाही होता. बैलगाडी, तंबू, कंदील, आणि सोबत तेहमिना बेगम. मुक्कामाची सगळी व्यवस्था त्या बघत. विलायतेत शिकलेल्या बाईंनी रानात तंबूत संसार केला, तक्रार केली नाही. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा पाहण्या होत गेल्या. 1939 साली एका किरकोळ ऑपरेशननंतर तेहमिना बेगम वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहिले. आमच्या मते सलीम अलींवर लिहिताना लोक तेहमिना बेगमना एका ओळीत उरकतात, ते बरोबर नाही. बिनपगारी माणसाची पाहणी दुसऱ्या कुणाच्या तरी मेहनतीवर चालते.

एक गोष्ट मुलं हमखास विचारतात. पक्ष्यांवर एवढं प्रेम, मग बंदूक कशाला? खरं आहे, त्या काळात पाहणी म्हणजे नमुने गोळा करणं, आणि नमुना म्हणजे मारलेला पक्षी. तेव्हा आजच्यासारखे कॅमेरे नव्हते. एका जातीचे दोन प्रदेशांतले पक्षी सारखे आहेत की वेगळे, हे कातडी शेजारी ठेवून, पंख मोजूनच ठरे. सलीम अलींनी ते काम केलं आणि लपवलंही नाही. उलट 1985 मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या पडलेल्या चिमणीचंच नाव दिलं.

1941 मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं, रंगीत चित्रांसह. तोवर पक्षी ओळखायची पुस्तकं साहेब लोकांसाठी होती. हे पुस्तक सामान्य माणसाने हातात धरून बागेत उभं राहावं असं होतं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. 1942 साली बापलेक दोघंही तुरुंगात होते तेव्हा नेहरूंनी ते इंदिराजींना भेट दिलं होतं. ही ओळख पुढे कामाला आली. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाच्या अडचणीत आली तेव्हा सलीम अलींनी नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली.

मग सिडनी डिलन रिप्ले या अमेरिकन मित्राबरोबर भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. पहिला खंड 1968 मध्ये आला, दहावा 1974 मध्ये. पहिल्याच्या वेळी वय सत्तरीपार होतं. 1958 मध्ये पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण, आणि त्याच वर्षी पॉल गेटी पारितोषिक, पन्नास हजार डॉलरचं. त्यातली बहुतेक रक्कम त्यांनी सोसायटीला देऊन टाकली. ज्याला 350 रुपयांची नोकरी टिकवता आली नव्हती त्याने हे केलं. 1985 मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली, आणि 1987 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं, वय नव्वद.

भरतपूरचं प्रकरण सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. राजस्थानातलं भरतपूरचं पाणथळ रान शेतीसाठी कोरडं होणार होतं, ते वाचवण्यात सलीम अलींचा मोठा वाटा. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1982 मध्ये आत गुरं चारायला बंदी आली. सलीम अली बंदीच्या बाजूने होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आणि नंतर सोसायटीच्याच अभ्यासात दिसलं की म्हशी बंद झाल्यावर गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. एवढ्या मोठ्या माणसाचाही अंदाज तिथे चुकला. नाथसागराच्या काठी मासेमार आहेत, पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारे शेतकरी आहेत. पक्षी वाचवायचे म्हणजे या लोकांना विचारून, हे भरतपूरमुळे आज सांगता येतं.

त्यांनी जे बैलगाडीतून पाहिलं त्यातलं बरंच आपल्याला एसटीने किंवा दुचाकीवर पाहता येतं. आपल्या शहराची खुबी अशी की साठ-सत्तर किलोमीटरच्या आत तऱ्हेतऱ्हेच्या जागा आहेत. सरोवरावर टिबुकली, वारकरी, पाणकावळे, जांभळी पाणकोंबडी. तिथे सांडपाणी आणि जलपर्णीचं दुखणं आहे, ते नाकाला आधी कळतं, तरी पक्षी आहेत. समोर हिमायत बागेच्या जुन्या झाडांवर बुलबुल, दयाळ, शिंजीर. विद्यापीठामागच्या लेण्यांकडे चढलं की माळ आणि झुडपं, तिथे चंडोल, होले आणि टिटवी. कन्नडकडे गौताळ्याचं पानगळीचं जंगल, तिथली पाखरं आणखी वेगळी. आणि पैठणचा नाथसागर, 1986 पासून पक्षी अभयारण्य. जमीन सपाट असल्याने धरणाचं पाणी पसरट आणि उथळ आहे. हिवाळ्यात ते ओसरू लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात, आणि लांब चोचीच्या किनारपक्ष्यांना तिथे किडे-गोगलगायी मिळतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आणि गुलाबी रोहित बघायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी जावं.

पहिल्यांदा जाणार असाल तर वनखात्याच्या किंवा पक्षीमित्रांच्या फेरीबरोबर जा, जाणकार सोबत असला की तासाभरात वीस-पंचवीस जाती कळतात. फजरची नमाज झाली की निघावं. ऊन चढलं की पक्षी सुस्तावतात. कपडे मातकट रंगाचे, मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलवायचे नाहीत, घरट्याजवळ जायचं नाही. दुर्बीण एक असली तरी चार मुलांना पुरते. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची आणि बारा सलीम अलींच्या. त्या आठवड्यात शाळांसाठी फेऱ्या निघतात. मुलांना वही-पेन्सिल द्या आणि तारीख, वेळ, जागा, पक्षी कशावर बसला होता आणि काय करत होता, एवढं लिहायला सांगा. नाव नाही कळलं तर रंग लिहून ठेवायचा, गळ्यावर डाग असेल तर तोही.