जावजी दादाजी चौधरी

जावजी दादाजी चौधरी (इ.स. १८३९ – ५ एप्रिल १८९२) हे मुंबईतील मुद्रक, प्रकाशक आणि देवनागरी खिळ्यांचे निर्माते होते. निर्णयसागर या छापखान्याचे ते संस्थापक. त्यांच्या ओतशाळेत तयार झालेले देवनागरी टंक 'निर्णयसागर वळण' या नावाने प्रसिद्धीस आले आणि संस्कृत व मराठी ग्रंथांच्या सुबक छपाईचा मानदंड ठरले.

पूर्वायुष्य

घरच्या गरिबीमुळे जावजींचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात दरमहा दोन रुपये पगारावर लागले. काम होते नुकतेच ओतलेले खिळे घासून साफ करण्याचे. हे काम वरकरणी हलके दिसते. परंतु खिळ्याची उंची केसभर कमी-जास्त राहिली तरी कागदावर एक अक्षर गडद आणि शेजारचे फिकट उमटते. त्यामुळे अक्षर कशाने बिघडते याचे ज्ञान या मुलास प्रथम बोटांनी झाले. या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी खिळ्यांत मोठी सुधारणा घडवून आणली होती. पुढे इंदुप्रकाश आणि ओरिएंटल या छापखान्यांतही जावजींनी नोकरी केली.

ओतशाळा व खिळ्यांची घडण

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःची ओतशाळा काढली. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यात निष्णात होते. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिसेमिश्रित धातूचा रस ओतून खिळे पाडायचे, अशी ही रीत होती. यात पहिली पायरी चुकली की पुढचे सर्व श्रम वाया जातात. म्हणून निर्णयसागर अक्षराच्या सौंदर्यात आरूंच्या हाताचा वाटा जावजींच्या व्यवहारचातुर्याइतकाच मोठा मानला पाहिजे. टंकास मात्र छापखान्याचे नाव मिळाले, आणि आरूंचे नाव सामान्य वाचकाच्या कानी क्वचितच येते.

देवनागरीतील जाड-बारीक रेघांचा डौल बोरूतून आला आहे. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते; हात वळेल तशी रेघ भरते किंवा निमुळती होते. युरोपात इटलीतील बोदोनी आणि फ्रान्समधील दिदो घराणे यांनीही जाड दांडे व तलम रेघा यांचा विरोध साधून देखणे रोमन टंक घडविले. तेथे मात्र मूळ अक्षरे सव्वीस. देवनागरीत काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरता खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते, आणि संस्कृतसाठी तर त्यात आणखी भर पडते. शिवाय तलम रेघ दाबाखाली लवकर झिजते, मात्रेचे बाहेर आलेले टोक तुटते. इतक्या खिळ्यांत एकच वळण, एकच भार आणि शिरोरेघेची एकच पातळी राखणे हे या ओतशाळेचे खरे कर्तृत्व होय. केवळ देखणेपणाची स्तुती करून थांबणाऱ्यांच्या ध्यानी ही गोष्ट येत नाही.

निर्णयसागर छापखाना

१८६९ मध्ये जावजींनी छापखाना सुरू केला. निर्णयसागर पंचांगाने हे नाव घरोघरी नेले. विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठी निघणारे 'बालबोध' मासिक (१८८१ पासून) येथेच छापले जाई. १८९० मध्ये वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली जुन्या मराठी कवितेसाठी 'काव्यसंग्रह' सुरू झाला.

तथापि जावजींचे सर्वांत टिकाऊ कार्य म्हणजे १८८६ मध्ये आरंभलेली 'काव्यमाला'. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब यांनी दुर्मिळ हस्तलिखितांवरून संस्कृत-प्राकृत ग्रंथ शोधून या मालेत संपादित केले. हालाची 'गाथासप्तशती' १८८९ मध्ये याच मालेत आली. ज्याला स्वतःला शाळेत फारसे शिकता आले नाही, त्याने ओतविलेल्या अक्षरांतून पंडितांच्या पिढ्या शिकल्या.

वाशीम जिल्ह्यातील वाचकास या मालेतील राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'चे (१८८७) अगत्य वाटावे. या प्राकृत नाटकाच्या आरंभीच मागधी व पांचाली यांच्या जोडीने 'वच्छोमी' या काव्यरीतीचा गौरव आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची रीती, आणि वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आजचे वाशीम. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य लुप्त झाले आहे. हस्तलिखितांवरच विसंबलेल्या वाङ्मयाचे काय होऊ शकते, याचे हे घरचेच उदाहरण. म्हणूनच 'कर्पूरमंजरी' वेळीच शिशाच्या अक्षरांत आली याचे मोल अधिक.

मृत्यू व नंतर

जावजींचे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या सुमारास निधन झाले. त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखाना व काव्यमाला दोन्ही पुढे चालविली. कोळभाट गल्ली हा निर्णयसागरचा पत्ता संस्कृतच्या अभ्यासकांस सुपरिचित झाला. शिशाचे खिळे व्यवहारातून गेल्यावरही दिल्ली व वाराणसीच्या प्रकाशकांनी काव्यमालेतील अनेक ग्रंथ नव्याने जुळविले नाहीत. जुन्या पानांची छायाचित्रे घेऊनच त्यांच्या आवृत्त्या काढल्या. त्यामुळे मुंबईच्या ओतशाळेतील ती अक्षरे महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आजही वाचली जातात.