जन्मजात अंधत्वाचा माग काढणारे डॉ. ग्रेग

मूल जन्मतः आंधळे वा बहिरे निपजले, की दोष घराण्याच्या रक्ताकडे जात असे. आनुवंशिकता हेच जन्मजात व्यंगाचे मुख्य कारण आणि मातेच्या उदरातील गर्भ बाहेरच्या रोगांपासून जवळजवळ सुरक्षित, अशी वैद्यकाचीही बव्हंशी धारणा होती. १९४१ मध्ये तिला तडा दिला तो सिडनीच्या एका नेत्रतज्ज्ञाने.

नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग यांचा जन्म ७ मार्च १८९२ रोजी सिडनीच्या बरवुड उपनगरात झाला. क्रिकेट आणि टेनिसमध्ये ते उत्तम गती राखून होते. सिडनी विद्यापीठातून १९१५ मध्ये वैद्यकीय पदवी घेताच ते पहिल्या महायुद्धावर गेले आणि शौर्याबद्दल 'मिलिटरी क्रॉस'चे मानकरी ठरले. पुढे इंग्लंडमध्ये नेत्रविद्येचे शिक्षण घेऊन त्यांनी सिडनीत व्यवसाय सुरू केला.

१९४१ च्या पूर्वार्धात त्यांच्याकडे एकामागून एक तान्ही बाळे येऊ लागली. बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही भिंगाच्या मध्यभागी दाट पांढरा. बाळे वजनाने कमी, दूध ओढण्यास असमर्थ. पुष्कळांच्या हृदयात दोष. प्रतीक्षाकक्षातील माता आपसांत बोलताना गरोदरपणी आलेल्या जर्मन गोवराचा, म्हणजे रुबेलाचा, उल्लेख ग्रेग यांच्या कानी पडला, अशी हकिकत सांगतात. ती खरी असो वा नसो, पुढचे काम मात्र केवळ योगायोगाचे नव्हते. बाळांच्या जन्मतारखांवरून ते मागे मोजत गेले, तेव्हा गर्भारपणाचे आरंभीचे दिवस १९४० च्या मोठ्या रुबेला-साथीशी जुळले. युद्धामुळे गजबजलेल्या लष्करी छावण्यांच्या काळात ती साथ फैलावली होती. सहकाऱ्यांकडूनही माहिती मागवून त्यांनी ७८ बाळांची नोंद केली; त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना रुबेला होऊन गेला होता, बहुतेकींना पहिल्या-दुसऱ्या महिन्यात. ऑक्टोबर १९४१ मध्ये मेलबर्न येथे त्यांनी हा निबंध वाचला.

हेच महिने का, याचे उत्तर गर्भाच्या घडणीत आहे. चौथ्या आठवड्याच्या सुमारास मेंदूपासून निघालेला फुगवटा गर्भाच्या बाह्यस्तराला भिडतो. तेथील पेशी जाड होऊन आत वळतात, त्यांची पोकळ गोळी होते आणि मागच्या भिंतीतील पेशी लांबत जाऊन भिंगाचे पारदर्शक तंतू बनतात. याच काळात हृदयात पडदे तयार होऊन कप्पे वेगळे होतात. विषाणू वारेतून या पेशींपर्यंत पोहोचला, तर काही पेशी मरतात, उरलेल्यांची वाढ मंदावते आणि घडण अर्धवट राहते. आतल्या कानाचे काम अधिक काळ चालते. त्यामुळे चौथ्या महिन्यातील संसर्गाने डोळे आणि हृदय बहुधा बचावतात, बहिरेपण मात्र येऊ शकते. ग्रेग यांच्या हाती ना प्रयोगशाळा होती ना विषाणू. रुबेलाचा विषाणू वेगळा करता आला तो १९६२ मध्ये.

मान्यता सहजी मिळाली नाही. अंगावर दोन-तीन दिवस पुरळ उठवून जाणारा क्षुल्लक आजार एवढा अनर्थ करील, हे पटणे कठीणच होते. लंडनच्या 'लॅन्सेट'ने १९४४ मध्येही पुरावा अपुरा मानला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मातांच्या आठवणीवर भिस्त होती आणि तुलनेसाठी निरोगी बाळांचा गट नव्हता. शंका फिटली ती संख्याशास्त्रज्ञ एच. ओ. लँकेस्टर यांच्या १९५१ मधील अभ्यासाने. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणनांत १८९९ च्या सुमारास जन्मलेल्या बहिऱ्यांची संख्या ठळकपणे जास्त होती आणि त्याच सुमारास तेथे रुबेलाची साथ येऊन गेली होती. चाळीस वर्षे तो पुरावा तक्त्यांत पडून होता. कोणी विचारले नव्हते इतकेच.

१९५३ मध्ये ग्रेग यांना 'सर' हा किताब मिळाला. २७ जुलै १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधीच्या दोन वर्षांत अमेरिकेतील साथीने सुमारे २० हजार बाळांना जन्मजात रुबेलाची बाधा झाली होती. प्रतिबंधक लस तेथे १९६९ मध्ये आली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली आणि नऊ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळाशाळांतून ही लस टोचण्यात आली.