मोजे घालता येईनात असा राष्ट्राध्यक्ष, आणि ऑपरेशनं जे करू शकली नाहीत ते करणारा व्यायाम

टीव्हीवर दिसणारा तरुण, उन्हात रापलेला, हसरा चेहरा. मागे समुद्र, हातात शिडाच्या बोटीचा दोर. जॉन एफ. केनेडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं. वयाच्या ४३ व्या वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले, तिथले निवडून आलेले सगळ्यात तरुण राष्ट्राध्यक्ष.

आता कॅमेरा बंद झाल्यानंतरचं चित्र बघा. याच माणसाला डाव्या पायात मोजा आणि बूट घालायला दुसऱ्याची मदत लागायची. जिना सरळ चढता यायचा नाही, एका कुशीवर वळून एकेक पायरी चढावी लागायची. कपड्यांच्या आत कमरेला घट्ट पट्टा असायचा आणि गादीखाली कडक फळी.

केनेडींची पाठदुखी आयुष्यभर त्यांच्या सोबत राहिली. त्यावर त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. फरक पडला तो शेवटी अगदी साध्या गोष्टीनं. ती गोष्ट त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आली, आणि हा किस्सा तिचाच आहे.

सुरुवात झाली कुठून?

केनेडींचा जन्म २९ मे १९१७ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइनचा. नऊ भावंडांमध्ये ते दुसरे. घरात पैसा भरपूर, पण पोराची तब्येत कायम तोळामासा. तीन वर्षांचे व्हायच्या आधीच स्कार्लेट फिव्हरनं त्यांना मरणाच्या दारात नेऊन आणलं होतं. पुढे पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि शाळा-कॉलेजच्या वर्षांतले कित्येक आठवडे हॉस्पिटलच्या खाटेवर गेले. हार्वर्डमध्ये असताना पाठ दुखायला लागली.

१९४१ मध्ये सैन्यात जायची वेळ आली तेव्हा पाठीमुळे ते वैद्यकीय तपासणीत नापास झाले. वडील जोसेफ केनेडी म्हणजे बडं प्रस्थ. त्यांच्या ओळखीपाळखीतून मार्ग निघाला आणि पोरगा नौदलात दाखल झाला. लोक वशिला लावतात युद्ध टाळण्यासाठी, यांनी लावला युद्धावर जाण्यासाठी.

२ ऑगस्ट १९४३ च्या रात्री पॅसिफिक महासागरात, सॉलोमन बेटांजवळ, केनेडींच्या ताब्यातली पीटी-१०९ ही छोटी गस्ती नौका एका जपानी विनाशिकेनं अक्षरशः कापली. १३ जणांपैकी दोघे गेले. एक खलाशी भाजला होता, त्याला पोहता येईना. केनेडींनी त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतःच्या दातात धरला आणि त्याला ओढत साधारण साडेपाच किलोमीटर पोहत एका बेटावर नेलं. मायदेशी त्यांचं नाव झालं, पण आधीच दुखणाऱ्या पाठीनं त्या रात्रीची किंमत मोजली.

कापलं, जोडलं, पुन्हा उघडलं

१९४४ मध्ये पाठीचं पहिलं ऑपरेशन झालं. डिस्कचा त्रास असेल असं डॉक्टरांना वाटलं होतं. दुखणं मात्र गेलं नाही.

१९४७ मध्ये आणखी एक निदान झालं, ॲडिसन्स डिसीज. या आजारात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी शरीराला लागणारे महत्त्वाचे हार्मोन पुरेसे तयार करत नाहीत. अशा माणसाचं शरीर ऑपरेशन किंवा संसर्गाचा ताण नीट सोसू शकत नाही. म्हणजे पाठीवर पुन्हा सुरी चालवायची तर जिवाची जोखीम होती.

१९५४ पर्यंत केनेडी सिनेटर झाले होते, लग्नही झालं होतं, आणि चालायला कुबड्या लागत होत्या. धोका माहीत असूनही त्यांनी ऑपरेशनचा निर्णय घेतला. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मणक्यात धातूची पट्टी बसवण्यात आली. संसर्ग झाला, ते कोमात गेले. अखेरचे धार्मिक विधी करण्यासाठी धर्मगुरूंना बोलावण्यात आलं.

ते वाचले. पण फेब्रुवारी १९५५ मध्ये तीच पट्टी काढायला तिसरं ऑपरेशन करावं लागलं. महिनोन्‌महिने अंथरुणात गेले. तीन ऑपरेशनं झाली आणि पाठ होती तिथेच होती.

मग आली इंजेक्शनं

१९५५ मध्ये त्यांची गाठ डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याशी पडली. स्नायूंच्या दुखण्यावर त्यांचं मोठं काम होतं. स्नायूत जिथे गाठ धरलेली असते, तिथे त्या प्रोकेन हे बधिर करणारं औषध टोचायच्या. केनेडींची प्रसिद्ध झुलती खुर्चीही त्यांनीच सुचवलेली. त्यांचा एक पाय किंचित आखूड आहे हे ओळखून त्यांनी बुटात टाचेखाली उंची दिली. या सगळ्यानं आराम पडला, हे मान्यच करायला हवं. पुढे केनेडींनी त्यांना व्हाइट हाउसच्या डॉक्टर म्हणून नेमलं.

पण बधिर करणारं औषध दुखणं थांबवतं ते काही वेळापुरतं. स्नायू दुबळा असेल तर तो दुबळाच राहतो. त्यात पट्टा बांधला की पोट आणि पाठीच्या स्नायूंचं काम पट्टाच करतो आणि ते आणखी सुस्तावतात. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून ताकद कमी, ताकद कमी म्हणून आणखी दुखतं. जुनाट कंबरदुखी असलेल्या कुणालाही हे चक्र ओळखीचं वाटेल.

मे १९६१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष होऊन चारच महिने झाले असताना, कॅनडाच्या दौऱ्यात झाड लावण्याचा कार्यक्रम होता. फावड्यानं माती उचलताना पाठीत लचक भरली. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत व्हिएन्नामध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यासमोर बसायचं होतं. शीतयुद्ध ऐन भरात, आणि अमेरिकेचा नेता कळा सोसत चर्चा करतोय. परत आल्यावर कुबड्या लपवणं अशक्य झालं. त्या उन्हाळ्यात प्रोकेनची इंजेक्शनं दिवसातून दोन-तीन वेळा द्यावी लागत होती.

व्हाइट हाउसमधले नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बर्कली आणि केनेडींच्या ॲडिसन्सवर उपचार करणारे डॉ. यूजीन कोहेन यांना धास्ती वाटू लागली. असंच चालू राहिलं तर माणूस व्हीलचेअरवर जाईल अशी ती धास्ती होती.

एंट्री गिर्यारोहक डॉक्टरची

ऑक्टोबर १९६१ मध्ये बोलावणं गेलं डॉ. हान्स क्राउस यांना. जन्म १९०५, ट्रिएस्टचा. डॉक्टरकी व्हिएन्नात केली, नाझींच्या काळात १९३८ मध्ये अमेरिकेत आले. सुट्टीच्या दिवशी हा माणूस न्यूयॉर्कजवळच्या कड्यांवर दोर लावून चढाई करायचा. मुरगळलं, लचकलं की प्लास्टरमध्ये बांधून ठेवायची पद्धत होती त्या काळात क्राउस लवकरात लवकर हालचाल सुरू करायला सांगायचे.

यात एक गंमत आहे. क्राउस आणि डॉ. सोन्या वेबर यांनी सहा साध्या हालचालींची एक चाचणी तयार केली होती. पोट, पाठ आणि मांड्यांचे स्नायू किमान गरजेपुरते तरी मजबूत आणि लवचिक आहेत का, एवढंच ती तपासायची. १९५० च्या दशकात त्यांनी ती शाळकरी मुलांना दिली. अमेरिकेतली सुमारे ५८ टक्के मुलं किमान एका हालचालीत नापास झाली, युरोपातली मात्र ९ टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेत खळबळ उडाली. डिसेंबर १९६० मध्ये, पदावर बसण्याआधी, केनेडींनी एका क्रीडा साप्ताहिकात लेख लिहून देश मऊ पडत चालल्याची चिंता व्यक्त केली, आणि त्यात हेच आकडे दिले.

आणि आता तोच डॉक्टर त्यांना तपासत होता. निकाल काय? राष्ट्राध्यक्षांच्या पोटाचे स्नायू कमजोर, पाठीचे आणि मांडीमागचे स्नायू दोरीसारखे ताठ. पाठीवर झोपून हातांच्या आधाराशिवाय उठून बसणंही त्यांना जमेना.

नेमका व्यायाम काय होता?

क्राउस यांनी धडाधड व्यायाम करायला लावले नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, व्हाइट हाउसच्या जलतरण तलावाशेजारच्या छोट्या जिममध्ये काम सुरू झालं. हा तलाव १९३३ मध्ये पोलिओमुळे पाय गेलेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी बांधलेला. केनेडी त्याच्या कोमट पाण्यात रोज पोहायचे.

क्राउस यांच्या पद्धतीचा क्रम साधा होता. आधी स्नायू सैल करायचे. मग हलक्या हालचाली, मग ताण देणं, आणि त्यानंतर ताकदीचे व्यायाम. शेवटी पुन्हा हलक्या हालचालींवर यायचं. पुढचा व्यायाम कधी द्यायचा हे कॅलेंडर ठरवत नव्हतं, त्या माणसाचं शरीर ठरवत होतं. आधी तपासा, कुठला स्नायू कमजोर आणि कुठला आखडलेला ते बघा, आणि तेवढ्यावरच काम करा. एकाला जो व्यायाम औषध, तो दुसऱ्याला अपाय ठरू शकतो.

हे सगळं बाहेर फार कळू द्यायचं नव्हतं. तडफदार नेत्याची प्रतिमा जपायची होती.

काही महिन्यांतच फरक दिसू लागला. इंजेक्शनांची गरज कमी झाली. १९६२ च्या वसंतापर्यंत पाठ गेल्या कित्येक वर्षांत नव्हती इतकी बरी झाली होती. १९६३ च्या उन्हाळ्यात केनेडी पुन्हा गोल्फ खेळताना दिसले.

दुखणं मुळापासून गेलं का? नाही. २० वर्षांचं दुखणं आणि इतक्या ऑपरेशनांनंतर तसं होणारही नव्हतं. पण दुखणं आता त्यांचा दिवस ठरवत नव्हतं.

तो पट्टा

एक गोष्ट मात्र सुटली नाही. पट्टा. क्राउस यांना तो हळूहळू सुटायला हवा होता. केनेडींना त्याचा आधार वाटायचा. दुखणं जुनं झालं की शरीरापेक्षा मनातली भीती जायला जास्त वेळ लागतो. त्यातच १९६३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी जांघेचा स्नायू दुखावला आणि पट्टा पुन्हा घट्ट झाला.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये उघड्या गाडीत बसताना त्यांच्या कमरेला तोच पट्टा होता, वरून मांड्यांभोवती रुंद इलॅस्टिक बँडेज गुंडाळलेलं. पहिली गोळी लागल्यावर माणूस सहसा कोसळतो. केनेडी बसलेलेच राहिले आणि पुढची गोळी डोक्यात लागली. पट्ट्यानं त्यांना ताठ धरून ठेवलं का, यावर डॉक्टर आणि अभ्यासकांमध्ये आजही वाद आहे. खात्रीनं सांगता येणार नाही. केनेडी तेव्हा ४६ वर्षांचे होते.

क्राउस पुढे १९९६ पर्यंत जगले. त्यांच्या पद्धतीवर अमेरिकेतल्या वायएमसीएनं कंबरदुखीसाठी वर्ग चालवले. आज जुनाट कंबरदुखीसाठी जगभरातले डॉक्टर लांबलचक विश्रांती सांगत नाहीत, झेपेल तसा नियमित व्यायाम सांगतात.

मग आपण काय घ्यायचं?

कंबर तीन-चार महिन्यांपासून दुखत असेल, तर मोबाइलवर दिसणारं रील बघून व्यायाम सुरू करू नका. ते रील बनवणाऱ्यानं तुमची कंबर तपासलेली नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, मग फिजिओथेरपिस्टकडून स्वतःपुरता व्यायाम ठरवून घ्या. पायात बधिरपणा किंवा ताकद गेल्यासारखं वाटत असेल, लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, ताप असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि एकदा व्यायाम ठरला की तो करत राहा. केनेडींकडे पैसा होता, देशातले मोठमोठे डॉक्टर होते, हाकेला धावणारी यंत्रणा होती. बाकी सगळे उपचार दुसऱ्यांनी त्यांच्यावर केले. व्यायाम मात्र त्यांना स्वतःच करावा लागला, आठवड्यातून तीन दिवस, जमिनीवर पाठ टेकून.