वालचंदांची मोटार आणि ब्रेकचा हिशेब

मुंबईच्या रस्त्यांवरून 'प्रीमियर पद्मिनी' ही काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदल्या गेलेल्या अखेरच्या टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली होती. टॅक्सी गेली, तरी हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट मोटारी शहरात अजूनही आहेत. कुणी त्यांत अधिक ताकदीचे इंजिन बसवतो, कुणी मागची आसने काढून वजन घटवतो. मग प्रश्न उरतो तो ब्रेकचा. या मोटारीच्या कारखान्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घालणाऱ्या वालचंद हिराचंद यांची कहाणी या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पण पिढीजात पेढीत त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याचे कंत्राट घेतले. पुढे त्यांच्या कंपनीने बोरघाटातील रेल्वे बोगद्यांचे आणि तानसाचे पाणी मुंबईत आणणाऱ्या जलवाहिन्यांचे काम केले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून इंग्लंडला निघाली, तेव्हा ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला भारतीय भांडवलाने दिलेले ते उघड आव्हान होते.

मोटारीचा विचार १९३०च्या दशकातला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी देशात मोटार कारखाना उभारण्याची योजना मांडली होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली. ते अमेरिकेत जाऊन आले, क्रायस्लर कंपनीशी बोलणी पक्की केली. परंतु महायुद्धाच्या काळात भारत सरकारने या कारखान्याला साहाय्य नाकारले. बंगळुरूत १९४०च्या डिसेंबरात त्यांनी सुरू केलेला विमान कारखाना सरकारने १९४२ मध्ये आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीतून 'जलउषा' जहाज पाण्यात उतरायला १९४८ साल उजाडावे लागले.

मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला परदेशी भाग आणून जुळणी होत असे; मात्र मोटार येथेच घडावी, हा वालचंदांचा मूळ आग्रह होता. नियतीने त्यांना फार वेळ दिला नाही. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते कारभारातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ज्या छोट्या फियाट ११०० ने पुढे मुंबई व्यापली, तिचे कुर्ल्यातील पर्व त्यांच्या पश्चात १९५४ मध्ये सुरू झाले. तिच्याच वंशातली गाडी १९७०च्या दशकात 'पद्मिनी' झाली.

ही मोटार हलकी, वजन सुमारे ९०० किलो. इंजिन १०८९ सीसीचे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्या काळच्या वेगाला ते पुरेसे होते. इंजिन बदलले की गणित बदलते, कारण वेग दुप्पट झाला तर ब्रेकला चौपट ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. बंदिस्त ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते. डिस्क उघड्या हवेत लवकर थंड होते.

म्हणून पुढच्या चाकांना डिस्क बसवणे हा पहिला शहाणपणाचा बदल. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचीच चाके करतात. मागचे ड्रम तसेच राहू द्यावेत. आसने काढून मागची बाजू हलकी केली असेल, तर तिथे जास्त जोर लागताच चाके जाम होतात आणि गाडी फिरते. ड्रमची रचना अशी की फिरते चाक स्वतःच ब्रेक शूला आत ओढून घेते. डिस्कला ही मदत नसल्याने पायाचा जोर अधिक लागतो. त्यासाठी मास्टर सिलिंडर नव्याने निवडावा लागतो, गरजेनुसार बूस्टरही. जुन्याचा ड्रमसाठीचा व्हॉल्व्ह राहिला, तर डिस्कचे पॅड घासत राहतात. पुढच्या व मागच्या चाकांना स्वतंत्र मार्ग देणारा मास्टर सिलिंडर घेतल्यास एक नळी फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. शर्यतीचे पॅड मात्र टाळावेत. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत आणि लालबागच्या गर्दीत ते तापणार कधी?

कायद्याचा विचारही आधी करावा. उत्पादकाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मोटार वाहन कायदा मज्जाव करतो. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंद हवी असेल, तर तिचे मूळ स्वरूप टिकलेले असावे लागते. त्यामुळे परिवहन कार्यालयात विचारूनच काम काढणे हिताचे.

परदेशातून आणलेला महागडा संच डोळ्यांत भरतो. पण मोठी डिस्क चाकात मावत नाही, चाकाचे वजन वाढवते आणि दोन वर्षांनी तिचे पॅड मिळेनासे होतात. येथे मिळणारे, येथल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारे आणि ९०० किलोच्या गाडीला साजेसे ब्रेक हीच योग्य निवड. सुटा भाग या देशात तयार व्हावा म्हणून वालचंद झगडले होते. त्यांची मोटार त्यांच्यामागे पन्नासहून अधिक वर्षे मुंबईत धावली, ती कोपऱ्याकोपऱ्यावरच्या गॅरेजात तिचा प्रत्येक भाग मिळत होता म्हणूनच.