चपटं ब्राउनिंग

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे अनंत कान्हेरे हे नाव एफ.ई.ला असताना कळलं, तेही लालबागच्या आजोबांकडून. मूळचा रत्नागिरीकडचा, तेव्हाच्या औरंगाबादला मामांकडे शिकायला राहिलेला मुलगा. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईत उतरली. त्यातलं एक ह्याच्या हाती आलं. रिव्हॉल्व्हरचं गोल चक्र कपड्यांतून फुगलेलं दिसतं. ब्राउनिंगच्या गोळ्या मुठीतच एकावर एक बसतात, म्हणून ते चपटं, लपवायला सोपं. २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाला हा ते अंगावर लपवून वाट बघत बसला. कलेक्टर जॅक्सन आत आला आणि ह्याने गोळ्या झाडल्या. जॅक्सन संपला. तो संस्कृतचा अभ्यासक होता, मुंबईला बदली झालेली. हे वाचून मी गडबडले, खोटं कशाला सांगू? पण बाबाराव सावरकरांवर खटला भरणाराही तोच. अनंताचा खटला आपल्या फोर्टातल्या हायकोर्टात चालला. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. वय जेमतेम अठरा. मी वीसची, आणि एम-थ्रीची केटी अजून सुटत नाहीये.