कामाचे दाम

एलिझाबेथ फ्रीमन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात गुलाम होत्या. मालकाच्या घरी राहून त्या दिवसरात्र राबत. पण मजुरी मिळत नसे. एकदा मालकिणीने एका मुलीवर तापलेले फावडे उगारले. एलिझाबेथ मध्ये पडल्या. तो घाव त्यांच्या हातावर बसला.

सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे राज्याच्या १७८० च्या घटनेत म्हटले होते. एलिझाबेथ यांना वाचता येत नव्हते. पण हे त्यांनी ऐकले. वकील थिओडोर सेजविक यांच्यामार्फत त्यांनी कोर्टात दावा केला. १७८१ साली त्या जिंकल्या.

मालकाने पगार देऊ करून त्यांना परत बोलावले. त्यांनी नकार दिला आणि सेजविक यांच्या घरी पगारावर नोकरी धरली. काम तेच होते. पण आता ते राजीखुशीचे होते व त्याला दाम होते. बचतीतून त्यांनी स्वतःचे घर घेतले. १८२९ साली त्यांचे निधन झाले.