बांधायचं राहून गेलं

जगातलं पहिलं इंजिनवालं विमान एकूण किती दिवस उडालं? क्विझमध्ये हा प्रश्न आला तर बहुतेक जण गडबडतील. उत्तर आहे, एक दिवस. तोही पुरता नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी सकाळी साडेदहानंतर ते पहिल्यांदा हवेत गेलं, दुपारी बाराच्या सुमारास चौथ्यांदा उतरलं आणि त्यानंतर थोड्याच वेळात मोडून पडलं. पुन्हा कधीच उडालं नाही. चारही उड्डाणांचा वेळ एकत्र केला तरी दोन मिनिटं भरत नाहीत.

गंमत म्हणजे ते पडलं नाही. नुसतं जमिनीवर उभं होतं. बांधलेलं मात्र नव्हतं.

राइट बंधूंची नावं आपण शाळेपासून एका दमात घेतो, त्यामुळे कोण विल्बर आणि कोण ऑर्व्हिल हे लक्षातच राहत नाही. इथे गोष्ट मुख्यतः धाकट्याची आहे, कारण त्या विमानाचं पुढे काय झालं ते बघायला तोच मागे उरला. ऑर्व्हिलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरातला. वडील बिशप. त्यांनी मुलांसाठी एक खेळणं आणलं होतं, रबरबँडला पीळ दिला की भिरभिरत छताला जाऊन आपटणारं. ते मोडेपर्यंत दोघं भाऊ त्याच्याशी खेळले. हायस्कूलचं सर्टिफिकेट दोघांकडेही नव्हतं. आधी छापखाना काढला, मग १८९२मध्ये सायकलचं दुकान. त्यावरच घर चालायचं आणि पुढे उडण्याचा खर्चही त्यातूनच निघाला. सरकारी ग्रँट वगैरे काही नाही.

उडायचं ठरलं तेव्हा त्यांनी पहिली शोधाशोध केली ती वाऱ्याची. देशात कुठे किती वारा वाहतो याचे हवामान खात्याचे आकडे मागवले, पत्रं लिहिली आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचं किटी हॉक नावाचं मच्छीमारांचं गाव निवडलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची पट्टी. झाडं कमी, वाळू मऊ आणि वारा भरपूर. यामागचं गणित सोपं आहे. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त अंगावरून जाणारी हवा कळते. समोरून जोराचा वारा असला की विमानाला जमिनीवरून फार पळावं लागत नाही. पतंगाला आपण वाऱ्याच्या तोंडावर धरतो ते याचसाठी.

पण उडवणारा वारा आणि उधळून लावणारा वारा एकच असतो. १९००मध्ये पहिल्यांदा तिथे राहायला गेल्यावर दोघांना हे तंबूतच कळलं. तंबू झाडाला दोर लावून बांधला होता, तरी आठवड्यातून दोन-तीन रात्री उठून तो हातांनी धरून बसावं लागायचं. त्याच ऑक्टोबरमध्ये वाऱ्याने त्यांना पहिली चुणूक दाखवली. ग्लायडर जमिनीवर ठेवून ते काहीतरी जुळवाजुळव करत होते. एका कोपऱ्याखाली वारा शिरला आणि पापणी लवायच्या आत ग्लायडर वीस फुटांवर जाऊन आदळला. तुकडे गोळा करून तंबूत आणले. गाशा गुंडाळून घरी जावं की काय, असंही त्या रात्री त्यांच्या मनात आलं. सकाळी विचार बदलला. दुरुस्तीला तीन दिवस लागले.

पुढच्या वर्षी त्यांनी किटी हॉकजवळच्या किल डेव्हिल टेकड्यांशी लाकडी शेड उभारली आणि ग्लायडर आत ठेवायला लागले. तरी १९०३मध्ये परत आले तेव्हा वादळांनी ती शेडच पायावरून दोन फूट सरकवून ठेवली होती. त्या ऑक्टोबरमध्ये ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरातलं वादळ आलं आणि छताचा डांबरी कागद उचकटायला लागला. ऑर्व्हिलने थोरल्याचा जाडजूड ओव्हरकोट घातला आणि शिडी लावून वर चढला. वाऱ्याने कोट खालून उचलला आणि त्याच्या डोक्यावरून पांघरूण घातल्यासारखा उलटा केला. हातोडा आणि खिळे कोटाच्या खिशात, म्हणजे आता डोक्याच्या वर कुठेतरी! शेवटी तो खाली उतरला, आणि मग विल्बरने कोट खाली ओढून धरायचा, याने खिळे ठोकायचे, असं काम चाललं. त्यातही चारातले तीन घाव छतावर नाहीतर स्वतःच्या बोटांवर. वाऱ्याचं हे रूप इतक्या जवळून पाहिलेली माणसं होती ती. पुढे काय झालं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

१७ डिसेंबरला थंडी अशी की डबक्यांतलं पाणी गोठलेलं. मदतीला पाच माणसं आली होती, त्यांतली तिघं जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरची. त्यांच्यापैकी जॉन डॅनिएल्सला ऑर्व्हिलने कॅमेऱ्यापाशी उभं केलं आणि विमान रुळावरून सुटलं की फुगा दाब म्हणून सांगितलं. आपण पाठ्यपुस्तकात बघतो तो फोटो या डॅनिएल्सनेच काढलेला. पहिलं उड्डाण ऑर्व्हिलचं, १२ सेकंद आणि १२० फूट. मग आळीपाळीने तीन. चौथं विल्बरचं, ५९ सेकंद आणि ८५२ फूट. उतरताना पुढची चौकट मोडली, पण ती दुरुस्त होण्यासारखी होती. सगळ्यांनी मिळून विमान उचलून शेडजवळ आणलं, खाली ठेवलं आणि त्या शेवटच्या उड्डाणाबद्दल बोलत उभे राहिले. साहजिकच आहे. आपणही उभे राहिलो असतो.

तेवढ्यात सोसाट्याचा झोत आला आणि विमान कलंडायला लागलं. सगळे धावले. विल्बर पुढच्या बाजूला गेला, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. ऑर्व्हिल आणि डॅनिएल्स यांनी मागच्या उभ्या दांड्या पकडल्या. ऑर्व्हिलच्या हातून त्या सुटल्या. डॅनिएल्सने सोडल्या नाहीत, आणि विमान कोलांट्या खात गेलं तेव्हा तो तारा, दांड्या आणि इंजिन यांच्या मधोमध अडकून त्याच्यासोबत गडगडत गेला. थांबल्यावर त्याला बाहेर काढलं. अंगभर खरचटलं, मुका मार बसला, पण हाड एकही मोडलं नव्हतं. विमानाच्या मात्र पंखांच्या जवळजवळ सगळ्या फासळ्या मोडल्या, इंजिनाची वाट लागली, साखळीच्या नळ्या वाकल्या. त्या वर्षीचं उडणं तिथेच संपलं. भावांनी जेवण केलं आणि चार मैल चालत जाऊन वडिलांना तार केली.

आता जरा हिशेब करू. विमानाचं रिकामं वजन साधारण २७४ किलो, माणूस धरून ३४० किलोच्या आसपास. सकाळच्या उड्डाणात पंखांवरून हवा ताशी ५० किलोमीटरच्या घरात जात होती आणि तेवढ्यात ते तरंगत होतं. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वारा दुप्पट झाला की उचल चौपट. याच नियमाने उलटं गेलं तर माणूस उतरल्यावर तरंगायला ४५चा वारा पुरतो. आणि त्या सकाळी वारा मोजला होता तो ४३पर्यंत! त्यात पंख चाळीस फूट लांबीचे, एकावर एक दोन, मधे नुसतं कापड आणि लाकूड. समोरची कड जरा वर झाली की उचल आणखी वाढते. थोडक्यात, जमिनीवर ठेवलेलं ते विमान उडायच्या बेतातच होतं. चालक तेवढा नव्हता.

आजची छोटी विमानं कितीतरी जड आहेत, पण नियम तोच. बारामती, शिरपूर किंवा गोंदियाला वैमानिकाचं प्रशिक्षण घेणारी तुमची एखादी मैत्रीण असेल तर विचारा तिला. चार आसनी सेस्ना १७२ असते ना, तिच्या दोन्ही पंखांखाली एकेक कडी असते आणि शेपटीखाली एक. शेतकरी बैलाला दावं लावतो तसं विमान या तीन जागांवरून जमिनीतल्या पक्क्या हुकांना बांधतात. शक्य असेल तर नाक वाऱ्याकडे करतात, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतात आणि आतला कंट्रोल पिन घालून अडकवून ठेवतात. नाहीतर वारा शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या फळ्या आपटून आपटून बिजागऱ्या तोडतो.

दोर बांधण्यातही शिस्त आहे. तो पंखाच्या तिरक्या आधारदांडीला मधेच गुंडाळायचा नाही, कारण वाऱ्याने तो सरकतो आणि दांडी वाकू शकते. बांधायचं ते कडीलाच. तागासारख्या नैसर्गिक धाग्याचा दोर पावसात भिजला की आखडतो आणि विमानालाच ओढायला लागतो, म्हणून नायलॉनसारखा दोर बरा, आणि तोही इंचभर हालचाल होईल इतकी ढील ठेवून. फार ढील दिली तर विमान हिसके मारतं आणि हिसक्यानेच दोर तुटतो. गाठ सुरगाठ नको, निरगाठ हवी. आणि नुसत्या खुंट्यांवर विसंबायचं नाही. माती भिजली की खुंटा उपटून येतो, हे वळवाच्या पावसात मांडव घातलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. मोठं वादळ येणार असेल तर पंखावर आडवी फळी किंवा वाळूच्या पिशव्या ठेवतात. वजनासाठी नव्हे बरं का. पंखावरून गुळगुळीत जाणारी हवा फाटावी आणि उचलच तयार होऊ नये, यासाठी. आणि याहून उत्तम उपाय म्हणजे विमान हँगरमध्ये ठेवणं, किंवा वेळेत उडवून दुसऱ्या गावी नेणं.

ऑर्व्हिलकडे परत येऊ. मोडकं विमान खोक्यांत भरून डेटनला आलं आणि सायकलच्या दुकानामागच्या शेडमध्ये पडून राहिलं. भावांनी नवी विमानं बांधली. १९०५मध्ये विल्बर ३९ मिनिटं हवेत राहिला. १९०८मध्ये फोर्ट मायरला लष्कराला प्रात्यक्षिक दाखवताना ऑर्व्हिलचं विमान कोसळलं. सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला, विमान अपघातात दगावलेला तो पहिला प्रवासी. ऑर्व्हिलचा पाय आणि बरगड्या मोडल्या. त्याची दुखणी जन्मभर राहिली.

तरीही १९११च्या ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा त्याच टेकड्यांवर गेला. यावेळी इंजिन नव्हतं, नुसता ग्लायडर. घोंघावणारा वारा टेकडीवर आपटून वर चढत होता आणि त्या वर जाणाऱ्या हवेत तो पावणेदहा मिनिटं जवळजवळ एका जागी घारीसारखा तरंगत राहिला. हा विक्रम दहा वर्षं टिकला. मला विचाराल तर १९०३च्या बारा सेकंदांपेक्षा हे जास्त भारी आहे, पण त्याचा फोटो पाठ्यपुस्तकात येत नाही.

१९१२मध्ये विल्बर टायफॉइडने गेला, अवघा ४५ वर्षांचा. पुढच्या वर्षी डेटनला महापूर आला आणि खोक्यांतलं ते पहिलं विमान अकरा दिवस पाण्याचिखलात राहिलं. वाऱ्यातून जे वाचलं होतं ते पुरातूनही वाचलं. १९१६मध्ये ऑर्व्हिलने ते साफ करून, मोडलेले भाग नव्याने बनवून जुळवलं आणि बोस्टनजवळच्या एमआयटीत प्रदर्शनाला ठेवलं. मग स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालयाशी त्याचं वाजलं. संग्रहालयाचे माजी प्रमुख लँग्ली यांचं यंत्र माणसाला घेऊन उडू शकणारं पहिलं होतं, असं ते सांगत होते, आणि ते यंत्र मागाहून बदल करून उडवून दाखवलं होतं ही गोष्ट दडपत होते. चिडून ऑर्व्हिलने १९२८मध्ये आपलं विमान थेट लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. अमेरिकेचं पहिलं विमान वीस वर्षं परदेशात राहिलं. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचवायला ते लंडनबाहेर हलवावं लागलं. १९४२मध्ये स्मिथसोनियनने चूक मान्य केली, तेव्हा कुठे त्याने ते परत आणायला होकार दिला.

ते परत आलं तेव्हा तो नव्हता. ३० जानेवारी १९४८ रोजी डेटनमध्ये ऑर्व्हिल वारला, वय ७६. आपल्याकडे ही तारीख गांधीजींच्या हत्येची, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या इथल्या वर्तमानपत्रांत त्याला किती जागा मिळाली असेल, याचा अंदाज करता येतो. त्याच ३१ जानेवारीला जॉन डॅनिएल्सही गेला, दांडी न सोडणारा.

विमान १७ डिसेंबर १९४८ रोजी, पहिल्या उड्डाणाला बरोबर ४५ वर्षं झाली त्या दिवशी, वॉशिंग्टनच्या संग्रहालयात तारांनी छताला टांगलं गेलं. त्याच्या डाव्या पंखाच्या मूळ कापडाचा एक तुकडा १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर घेऊन गेला होता.